मधल्या इयत्तेचे गिर्यारोहक

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

हातखंब्याच्या मुलीने हिमावर लेख लिहावा ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल, याची मला जाणीव आहे. आमच्या गावात बर्फ येतो तो मिरकरवाड्याच्या मासळीच्या पेट्यांतून, नाहीतर मे महिन्यात तिठ्यावर उभ्या राहणाऱ्या गोळेवाल्याच्या गाडीवरून. गेल्या फेब्रुवारीत गढवालातले हिवाळी शिबिर आटोपून मी तिठ्यावर एस.टी.तून उतरले, तेव्हा माझे नाक आणि गाल सोलवटून निघाले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, हिमालयात गेली होतीस ना? मग अशी भाजून कशी आलीस?" त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. ताजे हिम अंगावर पडलेल्या उन्हाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकते. त्यामुळे वरून भाजतो तो सूर्य खालूनही भाजतो. हनुवटीच्या खालची आणि नाकपुड्यांच्या आतली कातडीदेखील जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

प्रस्तुत लेख प्रवासवर्णन म्हणून लिहिलेला नाही. ऑलीहून दिसणाऱ्या नंदादेवीचे वर्णन करण्याचा मोह मी आवरते आहे. स्कीच्या साहाय्याने हिवाळ्यात डोंगर चढण्याउतरण्याचे जे शिक्षण मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दिले जाते, त्यात नेमके काय शिकवतात, आणि ते थोडेफार चढून झालेल्या माणसालाच का घ्यावे लागते, एवढेच मला मांडायचे आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. मराठीत आपण सगळ्यालाच 'बर्फ' म्हणतो. या लेखात आकाशातून पडलेल्या भुसभुशीत थराला मी 'हिम' म्हणेन आणि घट्ट, पारदर्शक होतो त्याला 'बर्फ'. 'स्की' हा शब्द नॉर्वेकडचा. त्याच्या मुळाशी फाळलेल्या लाकडाचा अर्थ आहे. आपल्या उक्षीच्या सड्यावर हत्तीचे कातळशिल्प आहे, तसे नॉर्वेच्या नूरलान प्रांतातील एका बेटावर दोन लांब पट्ट्यांवर उभ्या असलेल्या माणसाचे कोरीव चित्र आहे. ते काही हजार वर्षांचे जुने. १९९४ च्या लिलहामर हिवाळी ऑलिंपिकच्या चिन्हाला त्यानेच रूप दिले, आणि २०१६ मध्ये काही मुलांनी रेषा 'ठळक' करण्याच्या नादात ते खरवडून ठेवले! कातळावर नावे कोरणारे केवळ कोकणातच असतात असे नाही. असो. सांगायचे ते असे की स्की हे मुळात खेळण्याचे साधन नव्हते, हिवाळ्यात माणसाला चालता यावे म्हणून ते निघाले. फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडले ते स्कीवरूनच. आज त्याच चालण्याची शर्यत झाली आहे, आणि २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान देण्यात आले.

स्की-गिर्यारोहणात पाळण्यात बसून वर जायचे आणि घसरत खाली यायचे, असा प्रकार नसतो. चढायचेही स्वतःच. गुळगुळीत पट्ट्यांवरून चढायचे कसे, हा कोणालाही पडणारा प्रश्न. त्याचे उत्तर मांजराच्या पाठीवर आहे. हात शेपटीकडे फिरवला तर सुळकन जातो, उलट फिरवला की केस उभे राहतात. स्कीच्या तळाला असेच एका दिशेने झुकलेल्या केसांचे कापड चिकटवतात. पूर्वी त्यासाठी सीलचे कातडे वापरत, आता मोहेर किंवा नायलॉन. पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. बुटाची टाच चढताना मोकळी असते आणि उतरताना पक्की अडकवायची. चढ तीव्र झाला की नागमोडी वाट काढायची आणि प्रत्येक वळणावर एक पाय उचलून पुरता उलटा फिरवून ठेवायचा. पहिल्या दिवशी मी या वळणावर किती वेळा बसले ते लिहीत नाही. आमच्या उस्तादांनी सांगितलेला वेगाचा नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा होता: शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग जास्त आहे.

ही झाली पायांची विद्या. ती आठवडाभरात निदान पडण्याइतपत येते. खरा अभ्यास पायाखालचा.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आमच्याकडची एखादी चिरेखाण जवळून पाहावी. वर कडक जांभा, त्याखाली मऊ होत गेलेला, आणि त्याच्याही खाली चिकट, पांढुरकी माती. पावसाळ्यात पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीशी थांबते, आणि उताराची जागा असेल तर वरचे सगळे एका रात्रीत निघून येते. २२ जुलै २०२१ ला खेड तालुक्यात पोसरे येथे आणि पलीकडे महाड तालुक्यात तळिये येथे काय झाले ते आपण सर्व जाणतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. इर्शाळगडावर जाणाऱ्या किती मुलांनी त्या वाडीत चहा घेतला असेल!

हिमाचा उतार याच रीतीने वाचायचा असतो. प्रत्येक हिमवर्षाव म्हणजे एक थर. मधल्या कोरड्या दिवसांत त्या थराचे काय झाले, यावर पुढचे अवलंबून. हिमालयात हिवाळ्याच्या सुरुवातीस हिम थोडे पडते आणि रात्री निरभ्र, कडक थंडीच्या असतात. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास, वरचा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ थंड. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि तळातल्या कणांचे जाड्या साखरेसारखे सुटे, टोकदार खडे बनतात. मुठीत धरून दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. त्या साखरेवर पुढे जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन फूट नवे हिम बसते आणि वारा ते थापून पाटासारखे घट्ट करतो. वरून पाहावे तर स्वच्छ, शुभ्र, भक्कम उतार. माणूस मधोमध गेला की साखर दबते, पाट तडकतो आणि सगळा पाटच्या पाट निघतो. माणसे दगावतात अशा हिमस्खलनांपैकी बहुतेक वेळा धक्का देणारे त्या तुकडीतलेच कोणीतरी असते, हे वाचले तेव्हा मी ते वाक्य दोनदा वाचले. दरड आपल्यावर कोसळते असे आपण म्हणतो. येथे ती आपणच पाडतो.

उतार किती, हा पहिला प्रश्न. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानचे उतार सर्वांत घातकी. त्याहून सपाटीवर पाट सुटत नाही, त्याहून उभ्या जागी हिम साचतच नाही, थोडे थोडे गळून जाते. अंश मोजायला दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक उतारावर उभी धरायची. दुसरी तिला टेकवून, आडवी, उताराकडे नेऊन तिचे टोक हिमाला लावायचे. आडवी काठी उभीच्या बरोबर मध्यावर टेकली तर उतार सुमारे सत्तावीस अंश, आणि मध्याच्या थोडी वर सरकली की तिशी आली. शाळेत त्रिकोणमिती कशासाठी शिकवतात असे विचारणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना हे उदाहरण सादर.

त्यानंतर खड्डा. फावड्याने उभी भिंत कापायची, थर बोटाने चाचपायचे. मग तीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचा एक खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा. त्याच्या डोक्यावर फावडे ठेवून मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या थापेला आणि कोणत्या थरावर खांब सरकतो, आणि सरकताना चुरतो की खणाचे झाकण निघावे तसा अलगद निघतो, ते वहीत लिहायचे.

आणि एवढे करूनही कोणी गाडला गेला तर? प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश देणारे यंत्र बांधलेले असते. बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधाकडे वळवायची, बाण दाखवील तसे धावायचे, लांब सळईने टोचून जागा पक्की करायची आणि खणायचे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर साधारण दहापैकी नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की तिघांपैकी एखादाच. याचा अर्थ असा की खालच्या गावातून मदत येणे हा प्रकारच येथे नाही, मदत म्हणजे शेजारी उभे असलेले चार जण. आम्ही सात शिष्य आणि दोन उस्ताद होतो. पहिल्या सरावात हिमात पुरलेली पिशवी काढायला आम्हाला एकोणीस मिनिटे लागली. सापडली सहाव्या मिनिटाला, खणण्यात तेरा गेली. सगळेच एका खड्ड्यात उतरून एकमेकांच्या फावड्यावर हिम टाकत होतो. उस्ताद घड्याळ बघत उभे होते. "पिशवी मेली," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा पुरायला गेले.

आता मधल्या इयत्तेविषयी. आपल्याकडे गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था म्हणजे दार्जिलिंगची (१९५४), मनालीची (१९६१) आणि उत्तरकाशीची (१९६५). सुमारे महिनाभराचा प्राथमिक वर्ग, त्यात 'अ' श्रेणी मिळाली तर पुढचा प्रगत वर्ग. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुले या वाटेने जातात. सह्याद्रीत दोर लावायला शिकलेली ही मुले कातळात तरबेज असतात, आणि मराठी मंडळींनी हिमालयात केलेले काम आता लहान राहिलेले नाही. १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ जण पोचले, आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगावर. माझ्याही कपाटात एक 'अ' श्रेणीचे प्रमाणपत्र आहे, आणि ते मिळाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दुसऱ्यांना सल्ले देणे.

नवशिक्या घाबरतो. घाबरतो म्हणून विचारतो. जुन्या जाणत्याने चुका पाहिलेल्या असतात. मधल्या माणसाजवळ मात्र केवळ यशांची यादी असते. त्याचा पुष्कळ चढायांचा हिशेब असा: गेलो, आलो, काही झाले नाही. 'काही झाले नाही' याचा अर्थ तो 'मी बरोबर होतो' असा लावतो. हातखंब्याच्या उतारावर हे आम्ही रोज पाहतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा ट्रकवाला शंभर वेळा तिठ्यापर्यंत सुखरूप येतो, आणि प्रत्येक खेपेला त्याची खात्री वाढतच जाते. रस्ता त्याला त्याची चूक सांगत नाही. हिमाचा उतारही सांगत नाही.

शिबिराच्या सातव्या दिवशीची हकिगत सांगते. जोशीमठहून ऑलीला आम्ही जीपने गेलो होतो. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावातील घरांना तडे गेले, त्या वेळी तेथील रोपवे बंद करण्यात आला होता. ऑलीच्या वर गोरसन बुग्यालच्या पलीकडे एका बिननावाच्या खांद्यावर चढून तेथून उतरायचे, असा शेवटचा बेत होता. रात्रभर पश्चिमेचा वारा सुटलेला. सकाळी आकाश इतके निळे की डोळ्यांत पाणी यावे. मी रांगेत दुसरी होते. बुग्याल संपून उतार सुरू होतो तेथे पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला, जसे माडीवर कोणी तांदळाचे पोते टाकावे. उस्ताद थांबले. खड्डा खणला. तेराव्या थापेला, म्हणजे कोपराच्या तिसऱ्या, खांब अलगद निघाला. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. कोणी काही बोलायच्या आत प्रत्येकाला वहीत लिहायला लावले: जावे की परतावे, आणि का.

सातांपैकी पाच जणांनी 'जावे' लिहिले. त्यांत मी होते.

उस्तादांनी वह्या पाहिल्या, वाद घातला नाही, स्की वळवल्या आणि आम्ही परत निघालो. संध्याकाळी त्यांनी आमची कारणे मोठ्याने वाचली. एकाने लिहिले होते, कालच्या कोणाच्या तरी खुणा वर गेलेल्या दिसतात. दुसऱ्याने, हवा उत्तम आहे. तिसऱ्याने, उद्या परतायचे आहे. माझे कारण होते, 'इतक्या लांबून आलो आहोत.' पाच कारणांपैकी एकाचाही हिमाशी संबंध नव्हता! खांब निघालेला सर्वांनी डोळ्यांनी पाहिला होता, थापा मोजल्या होत्या, आकडा वहीत टिपला होता, आणि निर्णय मात्र रजा आणि रेल्वेच्या तिकिटावरून घेतला होता. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघात तपासून २००४ मध्ये दाखवले ते हेच. ओळखीची जागा, आधीच्यांच्या खुणा, ठरवलेले पुरे करण्याची ओढ, या गोष्टी माणसाला उतारावर नेतात, आणि शिक्षण घेतलेले लोकही त्यांतून सुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खांद्यावरून दुसरी एक तुकडी मजेत घसरत खाली आली. उतार जागचा हलला नाही. आम्ही तंबू आवरत होतो. माझा तर संताप झाला. उस्तादांना विचारले, "म्हणजे काल आपण जाऊ शकलो असतो?" ते म्हणाले, "शायद." मग बराच वेळ कातड्यांवरचे हिम झटकत राहिले आणि म्हणाले की वीस वर्षांत आपण किती वेळा उगाच परतलो आणि किती वेळा वाचलो, हे आपल्याला कधीच कळलेले नाही आणि पुढेही कळणार नाही.

मार्गदर्शकाची गरज कशासाठी, या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर एवढेच आहे. डोंगर चूक दाखवत नाही, म्हणून ती दाखवणारा माणूस लागतो, आणि तोही आधी आपल्याला चूक करू देणारा. केवळ 'माझ्या मागे या' म्हणणारा मार्गदर्शक सुखरूप नेऊन आणील, पण विद्यार्थी होता तेथेच राहील. मागे एका मंडळींच्या सहलवजा 'प्रशिक्षणा'ला मी पैसे भरून गेले होते. तेथे शिकवण्यापेक्षा फोटो जास्त झाले, आणि हवा बिघडली तर काय, असे विचारल्यावर "बिघडत नाही" असे उत्तर मिळाले. तेव्हापासून नाव नोंदवण्यापूर्वी मी दोनच प्रश्न विचारते: एका मार्गदर्शकामागे किती जण, आणि गेल्या वर्षी किती वेळा अर्ध्यातून परतलात. दुसऱ्या प्रश्नाला जो अभिमानाने 'एकदाही नाही' म्हणतो, त्याच्याबरोबर मी जात नाही.

यावर कोणी म्हणेल की चांगली संस्था आणि चांगला मार्गदर्शक असला म्हणजे झाले. तेही खरे नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा (५,६७० मीटर) या शिखराजवळ उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत वर्गावर हिमस्खलन झाले. एकोणतीस जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या. शिकणारे माझ्याच इयत्तेतले होते. प्राथमिक वर्ग 'अ' श्रेणीत उत्तीर्ण झालेली, घरून निघताना आईला "संस्था चांगली आहे" असे सांगून आलेली मुले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गला अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू गेले. या बातम्या मी शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी घरी वाचून दाखवल्या. आई काही बोलली नाही. बाबांनी अर्जावर सही केली आणि पेन बराच वेळ हातात धरून बसले.

हिमाच्या अवस्थेची माहिती मिळण्याची सोय आपल्याकडे आहे. १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी संरक्षण खात्याने मनालीला केंद्र काढले. २०२० मध्ये ते दुसऱ्या एका संशोधन केंद्राशी जोडण्यात आले. त्याच्या धोक्याच्या सूचना हिवाळ्यात निघत असतात. युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्यांचे सामायिक कोष्टक आहे. त्यात गंमत अशी की पुष्कळ अपघात पाचव्या किंवा चौथ्या पायरीला होत नाहीत, तिसऱ्याला होतात. पाचव्या पायरीला कोणी घराबाहेर पडतच नाही.

आता शेवटची हकिगत. गेल्या उन्हाळ्यात मी मामाकडे संगमेश्वर तालुक्यात गेले होते. घराच्या मागे टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी गोठा. रिकामा वेळ होता म्हणून बांबूच्या दोन सारख्या काठ्या तोडून घेतल्या आणि गोठ्यामागचा उतार मोजला. आडवी काठी उभीच्या मध्याच्या बरीच वर टेकली. वर चढून पाहिले तर जांभ्याच्या कडेला बोटभर रुंदीची भेग, आणि खालच्या अंगाला तीच पांढुरकी माती. मामांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "अगो, ही भेग माझ्या लहानपणापासून आहे. चाळीस पावसाळे काढले, काही झालं नाही." मी त्यांना सातव्या दिवसाची हकिगत सांगितली, वह्यांसकट. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि मग विचारले, "आणि तो उतार शेवटी कोसळला का?" मी म्हटले, नाही.

गोठा अजून तेथेच आहे. जुलैत आलेल्या पत्रात मामींनी लिहिले होते की मामा हल्ली पाऊस लागला की गुरे रात्री पुढच्या पडवीत आणून बांधतात, आणि सगळी पडवी शेणाने भरते.